ओरानीची वाट हर्मोला ठाऊक होती

हर्मोजेनेस बालुयोत हा मूळचा बसचा मिस्त्री. बालांगा ते सान फर्नांदो या रस्त्यावरच्या सगळ्या बसगाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. चाळिशीत आरमारात भरती झाला, तेव्हा त्याला विचारलं म्हणे, पोहता येतं का? तो म्हणाला, इंजिन बंद पडू दिलं नाही तर पोहायची गरज काय? घेतलं त्याला. आमच्यात वयाने तोच मोठा, म्हणून सगळे त्याला कुया हर्मो म्हणायचे. कुया म्हणजे थोरला भाऊ, आणि तसाच वागायचा तो. ओरडायचा, आणि मग स्वतःच्या ताटातला मासा आमच्या ताटात टाकायचा.

मी बोटीवरच्या मशीनगनवर होतो. नाव लिओनिलो, पण निलो म्हणत. वय बावीस.

आमच्या तुकडीत तीन बोटी. कागदावर ती टॉर्पेडो बोटींची तुकडी होती, पण टॉर्पेडो आम्ही कधी पाहिलेच नाहीत. ते घेऊन येणारं जहाज निघायच्या आत लढाई सुरू झाली. डेकवर त्यांच्यासाठी केलेल्या खोबणी रिकाम्याच राहिल्या. आमचा स्वयंपाकी तिबो त्यांत कपडे वाळत घालायचा. आमच्याजवळ होत्या त्या दोन मशीनगन आणि वेग. वेग म्हणजे हर्मो.

जानेवारीत मनिला जपान्यांच्या हाती गेली. सगळी फौज बाताआनच्या टोकाशी कोंडली गेली. मागे डोंगर, समोर उपसागर. आम्ही लामावच्या किनाऱ्याला झाडांच्या फांद्या टाकून बोटी लपवायचो आणि हुकूम आला की बाहेर पडायचो. पेट्रोल घाण झालेलं. पिंपांत मेण तरंगायचं. हर्मोने आपला लग्नातला अननसाच्या धाग्याचा सदरा फाडला आणि त्याच्या चार घड्या करून त्यातून पेट्रोल गाळायला लागला. दिवसभर बसून गाळायचा. कुणी चिडवायचं, "कुया, तुझी बस आज सुटणार का?" तो मान वर न करता म्हणायचा, "तिकीट काढलंयस का? नसेल तर ह्या स्टॉपला उतर." समोर नुसतं पाणी.

फेब्रुवारीपर्यंत हे चिडवणंही थांबलं. दिवसातून दोनदा भाताची पेज मिळायची, तीही पातळ. घोडे खाऊन झाले होते, रेडे खाऊन झाले होते. हिवतापाने निम्मी माणसं थरथरत पडलेली, औषध संपलेलं. तीनपैकी एक बोट विमानांनी बुडवली. तिच्यावरची सहाही माणसं गेली. आम्ही त्यांच्या टोप्या तेवढ्या गोळा केल्या.

हर्मोचं घर ओरानीला होतं, उपसागराच्या वरच्या टोकाला. आता तिथे जपानी होते. त्याची बायको सालूद आणि सासरे ताता बेरोंग मागेच राहिले होते. ताताने जन्मभर खाडीत बांबूंचे कूड रोवून मासे धरले. लग्नाआधी हर्मो दोन वर्षं त्याच्या हाताखाली राबला होता. आमच्याकडे मुलीसाठी असं राबावं लागतं. तेव्हा ताताने त्याला चिखलातली प्रत्येक वाट दाखवली होती. ओहोटीला कुठे पाणी राहतं, कुठे होडी रुतते, सगळं.

बातमी आली की ओरानीच्या धक्क्याला जपान्यांनी वीस-पंचवीस पडाव जमवलेत. त्यांत माणसं भरून ते आमच्या पाठीमागे उतरणार होते. तसं झालं असतं तर लढाई तिथेच संपली असती. आमचे कप्तान लेफ्टनंट आर्सेगा यांनी नकाशा पसरला, तर नकाशात त्या चिखलाबद्दल काहीच नव्हतं. त्यांनी हर्मोला बोलावलं.

मी तिथेच बंदूक पुसत होतो. कप्तानांनी त्याला सरळ विचारलं, की धक्क्यापर्यंत बोट नेता येईल का. हर्मो म्हणाला, येईल, पहाटेच्या भरतीला, पण वाट कुडांच्या मधून जाते. कप्तानांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "तिथे आपलं कुणी असेल का, हर्मो?"

"नाही सर. जपानी आल्यापासून त्या कुडांकडे कुणी फिरकत नाही. माझे सासरेसुद्धा घरीच बसतात."

त्याला हे कसं ठाऊक असणार? दीड महिना झाला होता, एक चिठ्ठी नव्हती. पण त्याने सांगितलं आणि आम्ही मानलं. आम्हाला मानायचंच होतं.

त्या पहाटे तिबोने इंजिनं सांभाळली आणि हर्मोने सुकाणू धरलं. पाण्यावर धुकं होतं. बांबूंच्या रांगा आल्या, त्यांच्यामधून त्याने बोट अशी काढली की एकदाही तळाला चिखल लागला नाही. शेवटच्या कुडाच्या टोकाशी खांबांवर एक झोपडं होतं. आम्ही चाळीस हातांवर आलो आणि झोपड्यातून एक माणूस उठून उभा राहिला. त्याने हात वर केला. हातात काहीतरी लांब होतं.

तो ओरडला असता तर धक्क्यावरचे जागे झाले असते. कप्तान हळूच म्हणाले, "निलो." एवढंच म्हणाले. मी बंदुकीचा चाप दाबला. माणूस पाण्यात पडला.

मी हर्मोकडे पाहिलं. तो समोरच बघत होता. सुकाणूवरची त्याची बोटं पांढरी पडली होती, पण बोट वाटेवरून तसूभर हलली नाही.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. आम्ही धक्क्यावरून दोनदा गेलो. पडाव फुटले, पेटले. आमच्यावर गोळ्या आल्या, एक तिबोच्या खांद्याला लागली. परत आलो तेव्हा कप्तानांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला. पडाव पुढे दोन महिने आले नाहीत. हे काम आमच्या तुकडीचं, आणि मला त्याचा अभिमान वाटायला हवा, असं लोक म्हणतात.

एप्रिलच्या नऊ तारखेला बाताआन पडलं. दुसरी बोट उपसागरातून निसटायला निघाली, तिला भर दुपारी जपानी नाविकांनी धरलं. आमच्या टाकीत किनाऱ्याबाहेर जाण्याइतकंही पेट्रोल नव्हतं. कप्तानांनी आमची बोट जाळायला सांगितली. हर्मोने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. एकटाच आत गेला, बराच वेळ आत होता, मग बाहेर येऊन काडी लावली. आम्ही डोंगराकडे निघालो. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पकडले गेलो. कप्तानांना त्यांनी वेगळं काढून नेलं, तिबो पहिल्याच दिवशी रस्त्यात पडला आणि उठला नाही.

आम्हाला उत्तरेकडे चालवत नेलं. हजारो माणसं होतो. पाणी नाही, अन्न नाही, मागे राहिला त्याला संगीन. त्या रस्त्याबद्दल मी फार बोलत नाही. एवढंच सांगतो, की तो रस्ता ओरानीवरून जातो.

ओरानीला आम्हाला एका उघड्या शेतात उन्हात बसवलं. भोवती काटेरी तार. गावातल्या बायका केळीच्या पानांत भात बांधून आणत होत्या. काही पहारेकरी त्यांना हुसकत होते, काही दुसरीकडे बघत होते. हर्मो आणि मी तारेजवळ बसलो होतो. त्याला ताप होता. एक बाई तारेच्या कडेकडेने एकेकाचं तोंड बघत येत होती. ती त्याच्यासमोर थांबली आणि खाली बसली. सालूदला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काळे कपडे होते.

तिने त्याच्या दाढीला हात लावला. मग म्हणाली, "ताता गेले."

हर्मोने विचारलं नाही कसे. तीच सांगत राहिली. घरातला भात जपान्यांनी नेला होता, खायला काही उरलं नव्हतं. म्हणून ताता महिनाभर कुडावरच राहायचे, मासे धरायचे. फेब्रुवारीत एका पहाटे खाडीतून बोट आली. ताता हातात जाळ्याची काठी घेऊन उभे असतील.

"लोक म्हणतात आपल्यांची बोट होती. मला नाही पटत. आपली माणसं ताताला कशाला मारतील?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, तो गप्प बसेल. गप्प बसला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता.

"आपलीच होती," हर्मो म्हणाला. "मीच आणली. वाट मला ठाऊक होती."

तिने हात मागे घेतला. "तुला ताता दिसले नाहीत?"

"माणूस दिसला. ताता दिसले नाहीत."

पहारेकरी ओरडत आला. सालूदने भाताचा पुडा तारेतून आत सारला, "खा," म्हणाली आणि उठून गेली. मागे वळून पाहिलं नाही. हर्मोने तो पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी त्याला आग्रह करायला हवा होता. मी खाल्ला, सगळा खाल्ला, पान चाटलं.

कापासच्या कैद्यांच्या छावणीत तो सात आठवडे जगला. आमांश झाला होता, रक्त पडायचं. मी एकदा धीर करून म्हणालो, की सालूदला खरं सांगायला हवं होतंस, गोळी मी झाडली. तो चिडला. बऱ्याच दिवसांनी पहिल्यासारखा ओरडला. "गोळी बोटीने झाडली. बोट कुडापाशी मी नेली. तू मध्ये येऊ नकोस." जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. इतर पन्नास जणांबरोबर एकाच खड्ड्यात पुरला. कुठे, ते आता सांगता येणार नाही.

लढाई संपल्यावर, सेहेचाळीस साली, मी ओरानीला गेलो. सालूदला तो कसा गेला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सुका मासा भाजला, भात वाढला. मी ताट बाजूला सारलं. मी तिला म्हटलं, बंदुकीवर मी होतो.

ती उठून आत गेली. किती वेळ आत होती कोण जाणे. बाहेर येऊन तिने विचारलं, तेव्हा तुझं वय काय होतं. मी सांगितलं, बावीस. मग विचारलं, घरी आई आहे का. मी म्हटलं, आहे, लेमेरीला.

"मग तिच्याकडे जा. इथे रडत बसू नकोस."

मी गेलो. पण दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी ओरानीला जातो आणि ताता बेरोंगच्या थडग्याला चुना लावतो. पहिली दोन वर्षं सालूद बघून न बघितल्यासारखं करून निघून गेली. तिसऱ्या वर्षी तिने मला बादली धरायला मदत केली आणि म्हणाली, की डाव्या बाजूचा चुना पातळ झालाय, पुन्हा हात फिरव.