भरमूआण्णाची मोबाइलवरची अटक

सीमाभागातल्या वडगावच्या विणकर गल्लीत भरमूआण्णाइतका आज्ञाधारक माणूस दुसरा नव्हता. एकदा बँकेत 'थांबा' म्हणाले, तर शटर पडेपर्यंत बाकावर थांबला. साठ वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली, आणि भीती एकाच गोष्टीची, खाकीची.

त्या दिवशी बायको ताराबाई सांबऱ्याला लेकीकडे गेली होती. दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी टोपी. आण्णाच्या आधारकार्डावर गुन्हा दाखल झालाय, म्हणून डिजिटल अटक, असं साहेबानं हिंदीत सांगितलं. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आण्णानं भिंतीला टेकून मांडी घातली. 'तपासणी'साठी दहा हजार तर फोनवरून भरलेही. आता साहेब खात्यातले उरलेले नव्वद हजार मागत होता. ते ताराबाईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेले.

"पहले वो मशीन बंद करो," साहेब खेकसला.

आण्णानं माग बंद केला आणि पुन्हा मांडी घातली.

साहेबाचं चुकलं ते इथं. या गल्लीत वीज असताना भर दुपारी माग थांबतो तो घरात कुणी गेलं तरच. मग शेजारचा थांबतो, त्याच्या शेजारचा थांबतो. शांतता उंबरे ओलांडत गल्लीच्या टोकाला गेली. आण्णाला कित्येक वर्षांनी स्वतःचा श्वास ऐकू आला. एवढ्या आयुष्याच्या मानानं तो फारच बारीक होता.

समोरची नागुबाई पहिली आली. आण्णाचे डोळे ताठ, तोंड मिटलेलं. पापणी हलवली तर चालतं का, हे त्यानं विचारून घेतलं नव्हतं.

"बसल्या बसल्याच गेला गं आण्णा," तिनं गळा काढला. "काल चटणी न्हेली माझ्याकडनं. वाटी बी परत दिली न्हाय."

"वाटी ऱ्हाऊ दे," मागून आलेला सुबराव म्हणाला. "मी सांबऱ्याला कळवतो."

"कौन लोग हैं? सबको बाहर निकालो," फोन ओरडला.

"मयताच्या घरात आवाज कोण करतंय रं?" नागुबाईनं दटावलं.

"आक्का," ओठ न हलवता आण्णा म्हणाला, "मी अटकेत हाय. बोलाय बंदी हाय."

नागुबाई दोन पावलं मागं सरली. तिची सून रचना उद्यमबागेत एका ऑफिसात कामाला, सुट्टी म्हणून घरी होती. तिनं पुढं होऊन फोन उचलला आणि कॉल कापला.

"मामा, पोलीस फोनवर अटक करत न्हाईत. पैसे दिलासा?"

"धा हजार."

"कवा?"

"अर्धा तास झाला."

"मग अजून वेळ हाय. बँकेचा मेसेज दाखवा."

तिनं सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० नंबरला फोन लावला. कन्नडमधून वेळ, रक्कम, व्यवहाराचा नंबर सांगितला आणि तक्रारीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. पैसे पुढं सरकले नसतील तर अडवता येतील, खात्री नाही, असं पलीकडून उत्तर आलं.

थोड्या वेळानं दारात रिक्षा थांबली. ताराबाई उतरली. दारात उभ्या नवऱ्याला तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमी गेलतासा म्हणं."

"मी न्हाय. धा हजार गेलं. तुझ्या गुडघ्याचं."

ती पायरीवर बसली. बराच वेळ गुडघे चोळत राहिली.

"उरल्यालं हायत?"

"हायत."

"मग उजवा करू आधी," ती म्हणाली. "डाव्याचं, त्ये परत आलं तर बघू."