अन्सूमावशींची आखणी

पहिल्याच दिवशी मी अन्सूमावशींना सांगितलं, "मी आखणी करायला आलेय." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हातातला बारीक ब्रश माझ्यापुढे धरला. "कर बघू. येकच डोला कर." हमरापुरात आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं, हे जवळच रोह्यात वाढूनही मला ठाऊक नव्हतं. मी आपली वास्तुकलेची विद्यार्थिनी. परीक्षेसाठी गणपतीच्या कारखान्याचं नवं डिझाइन करायचं म्हणून टेप घेऊन मापं काढायला आलेली. घोटाळा कळला तेव्हा मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

कारखाना त्यांच्या पुतण्याचा. मावशी मागच्या खोलीत एकट्या राहत. मुलगा पनवेलला कंपनीत होता. शिफ्ट बदलली की येतो, असं त्याचं दर महिन्याला म्हणणं असे. डोळे रेखताना मावशी श्वास रोखून धरत. दुसरा डोळा पुरा झाला की मूर्तीचं तोंड रस्त्याकडे फिरवत आणि तिला दटावत, "माझ्याकडं काय बघतोस? लोकांकडं बघ." मला त्याची गंमत वाटली. एवढी मापं वहीत उतरवून घेतली, पण हे काही टिपून घ्यावंसं वाटलं नाही.

मुंबईला होस्टेलवर बसून मी पहिला आराखडा काढला. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून रस्त्याच्या बाजूला सलग भिंत, आत मोठा चौक आणि उत्तरेचा शांत उजेड. सरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. एरवी त्या वर्गात मला कुणी विचारत नसे, त्यामुळे दोन दिवस मी हवेतच होते.

गणपती झाल्यावर आराखडा घेऊन हमरापूरला गेले. कारखान्यात शुकशुकाट होता. फळ्यांवर रंगाचे ओघळ तेवढे उरले होते. मावशी दारात पाट टाकून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. मी कागद उलगडून मोठ्या हौसेनं सगळं समजावलं. त्यांनी त्या भिंतीवरून बोट फिरवलं.

"रस्ता कुठं हाय गो?"

"भिंतीपलीकडे. आता धूळ येणार नाही, मावशी."

"धूळ नाय, मग मानूस पन नाय." कागदावरचं बोट उचलून त्या म्हणाल्या, "बाप्पा हायेत तवर बरं हाय. ते गेले का मी कुठं बसू?"

मूर्तींची मी सगळी काळजी घेतली होती. मूर्ती गेल्यावर मागे कोण राहतं, हे मनातच आलं नव्हतं. खरं तर मला कळायला हवं होतं. माझ्या होस्टेलच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीसमोर उघडायची आणि रविवारचे रविवार मी तिच्यापुढे कुढत बसायचे. तसलीच भिंत मी मावशींच्या तोंडापुढे उभी केली होती.

मग पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. रस्त्याकडची भिंत फोडून रुंद खिडकी काढली, खिडकीत बसायला ओटा केला. रंगकाम आत सरकवलं, तेव्हा माझा लाडका चौक निम्मा झाला. सर म्हणाले, "चांगलं डिझाइन बिघडवलंस." मी म्हटलं, बिघडू दे. अर्थात मनात.

दिवाळीच्या सुट्टीत नवा आराखडा दाखवला. मावशींनी तो बराच वेळ निरखला. माझी पेन्सिल मागून घेतली, श्वास रोखला आणि त्या ओट्यावर दोन इवलेसे डोळे रेखले, रस्त्याकडे बघणारे.

"आता झाली आखणी. पुसू नको हां."

परीक्षेच्या आधी पुतण्याचं पत्र आलं. मावशी दोन दिवसांच्या तापात गेल्या होत्या. पत्र मिळेपर्यंत दहावासुद्धा होऊन गेला होता. होस्टेलवर हे सांगावं असं कुणी नव्हतं.

परीक्षेला मी तोच कागद लावला. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा वर करून जवळ गेले आणि त्या डोळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे?"

"तिथं अन्सूमावशी बसतात," मी म्हणाले. बसायच्या, असं म्हणायला माझी जीभच वळेना.