आसलाउगकाकूंच्या पायरीखालची बदकी

आमच्या बेटांवर एप्रिल लागला की कोणी मोठ्याने बोलत नाही. आयडर बदकं समुद्रावरून अंडी घालायला येतात आणि जरा खुट्ट झालं तरी मागे फिरतात. म्हणून जून सरेपर्यंत हातोडा नाही, मोटारबोट नाही, दोरीवर कपडे नाहीत, अंगात नवा कोट नाही. बंदूक तर नाहीच नाही. मी छप्पन्न वर्षांचा झालो, हे माझ्या हाडीमाशी मुरलंय, आणि तेच मला भोवलं.

आसलाउगकाकू माझ्या समोरच्या बेटावर एकट्या राहायच्या. वय ब्याऐंशी, जीभ तिखट. घराभोवती दगडांच्या, फळकुटांच्या, उपड्या होडीखालच्या अशा चाळीसेक खोपी होत्या, सगळ्या बदकांसाठी. दर मार्चात त्या समुद्रशेवाळ वाळवून प्रत्येक खोपीत अंथरायच्या, कारण ओल्यावर बदकी बसत नाही. पिल्लं घेऊन ती समुद्रात गेली की मागे राहिलेली पिसांची मऊ लव काकू वेचायच्या. पूर्वी त्या लवेच्या वर्षाला तीन-चार दुलया व्हायच्या. काकू लग्न होऊन आल्या त्या वर्षी तीनशे बदकी बसल्या होत्या. गेल्या वर्षी एक.

ही एक सात वर्षं स्वयंपाकघराच्या पायरीखालीच यायची. डाव्या डोळ्यामागे फिकट पट्टा होता तिच्या. काकू तिला बाईसाहेब म्हणायच्या.

काकूंची मुलगी टोर्डिस शहरात असते. तिने दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं, "आई, पाखरू येतंय तोवर राहा. ज्या वर्षी खोपी रिकाम्या राहतील त्या वर्षी मी तुला घेऊन जाणार." काकूंनी तिच्या हातावर हात मारून शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

दुकानाच्या दारावर आमच्याकडे एक कागद लावतात. कोणतं पाखरू कोणी आधी पाहिलं, ते त्यावर लिहायचं. यंदा मार्चच्या मध्यालाच कालवफोड्या आला, मग कलहंस आले. एप्रिलचा मध्य उलटला तरी आयडरपुढची जागा कोरी. मी दर शनिवारी वल्ह्यांच्या खाचांत जुने लोकरी मोजे कोंबून, आवाज न करता, काकूंना पाव पोचवायला जायचो.

"काय रे ओडवार, कागदावर काही?" काकू कुजबुजल्या.

"कलहंस आलेत. दोन मोठ्या टोळ्या."

"हंस घाल चुलीत. मी माझं विचारतेय."

"अजून नाही, काकू."

"नाही तर नाही. कॉफी घे. आणि कप आपटू नकोस तुझ्या बापासारखा."

एकवीस एप्रिलला मी होडी लावत होतो, तर काकू खिडकीत तोंडावर हात दाबून उभ्या. उथळ पाण्यात तपकिरी मादी होती, शेजारी काळापांढरा नर. फिकट पट्टा मला होडीतूनही दिसला. काकू रडत होत्या, पण हूं की चूं नाही.

"टोर्डिसला कळव," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "म्हणावं, बाईसाहेब आल्या. मी यंदा कुठेही जात नाही."

बदकी पायरीखाली बसली, तेव्हापासून काकूंनी ते दार वापरणं सोडलं. ब्याऐंशीव्या वर्षी ही बाई मागच्या खिडकीतून स्टुलावर पाय देऊन ये-जा करायची. मी हसलो तर म्हणाली, "हस. तुझ्यासाठी नसते गेले हो खिडकीतून."

चार मेच्या सकाळी मी माझ्या धक्क्यावर होतो. पाण्यात एक काळं डोकं दिसलं. मिंक. मुंगसाएवढं, पाखरं नि अंडी खाणारं जनावर, पण पट्टीचं पोहणारं, आणि ते काकूंच्या बेटाकडेच निघालं होतं. मी धावत जाऊन बंदूक आणली, भरली, खांद्याला लावली. ते टप्प्यात होतं. बोट चापावर होतं.

मी बार काढला नाही. मिंक मेलं असतं, पण बदकी उडाली असती, कदाचित कायमची. आणि पाखरांच्या दिवसांत बंदूक उडवलेला माणूस आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. मी ओरडलोसुद्धा नाही. होडी काढली आणि वल्ह्यांना मोजे लावलेलेच ठेवून, सवयीने, हळूहळू वल्हवत गेलो. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं, याची आजही लाज वाटते.

पोचलो तेव्हा काकू पायरीवर बसल्या होत्या. दार सताड उघडं. मांडीवर बदकी, मान लोंबलेली. खाली तीन हिरवट अंडी फुटलेली आणि सगळीकडे लव.

"मी पाहिलं होतं त्याला," मी म्हणालो. "टप्प्यात होतं. मी बार काढला नाही."

काकूंनी बराच वेळ पिसांवरून हात फिरवला.

"काढला असतास तर तुला पुन्हा या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं मी," त्या म्हणाल्या. "म्हणजे चूक तुझी नाही. साठ वर्षं मीच सगळ्यांना गप्प केलंय."

त्यांनी मला निदान शिवी तरी द्यायला हवी होती.

पुढचे दहा दिवस आम्ही रोज खोपी पाहिल्या. शेवाळ होतं तसंच, कोरडं. अकराव्या दिवशी काकूंनी बॅग भरली आणि माझ्या हातात हातोडा दिला. "खिडक्यांवर फळ्या ठोकून दे. उद्या टोर्डिस येतेय."

"आता? मे महिन्यात?" मी कुजबुजलो.

"मोठ्याने बोल, ओडवार. आता कोणासाठी हळू बोलतोस?"

मी तोंड उघडलं, पण आवाज कुजबुजीचाच निघाला. पहिला खिळा इतका हलक्या हाताने मारला की तो वाकला. काकूंनी हातोडा माझ्याकडून हिसकावून घेतला आणि असा हाणला की समोरच्या खडकांवरचे सगळे कुरव पक्षी एकदम उठले.

त्यांनी वर पाहिलंही नाही. दुसऱ्या खिळ्यासाठी हात पुढे केला.