उस्तादनं दोरी का कापली

“काकू, हिला कुणाचा हात लागला?”

विहिरीच्या काठावर उभं राहून उस्तादनं मला विचारलं. खाली पाच पुरुष खोलावर माझी सून मोटारीच्या पाइपाला मिठी मारून पाण्यात लोंबकळत होती. पडताना तिचा पाय मोडला होता. कडेचा मुरूम सुटून तिच्या आजूबाजूला पडत होता. आणि हा माणूस हातात दोरी धरून मला विचारत होता, दोरीला हात कुणाचा लागला.

मी म्हटलं, “कुणाचाच न्हाय.”

हे खोटं होतं. आठ दिवसांपूर्वी त्याच दोरीनं मी उसाचा ट्रॅक्टर ओढायला लावला होता. खरं सांगितलं तर हा दोरी टाकून देईल, असं मला वाटलं. आमच्याकडे दुसरं होतं ते कासरे, बैलाच्या मापाचे. तुळजापुराहून दोरी यायला तास-दीड तास लागला असता. तेवढा वेळ सून टिकली नसती. मी खोटं बोलले, विचार करून बोलले.

त्याचं नाव लिहीत नाही. गावात त्याला कुणी नावानं हाक मारतही नव्हतं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच नाव इथं पडलं. पार वर, बर्फाच्या डोंगरात, त्यानं कितीतरी वर्षं जवानांना दोरीवरून कडा चढायला आणि उतरायला शिकवलं. मग पेन्शन घेऊन तामलवाडीच्या अलीकडं आमच्या गावी परत आला. आमच्या रानाला त्याचं रान लागून. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायची.

आमच्याकडं डोंगर कुठला? पण गावामागं जुनी दगडाची खदान आहे. तिचा सरळ तुटलेला कडा बघून हा असा हसला, जणू हरवलेला पाहुणाच भेटला. दुसऱ्या दिवशी वर झाडाला दोरी बांधून, कड्याकडं पाठ करून, पाय दगडावर टेकवत खाली आला. अर्धं गाव बघायला. एक म्हातारा ओरडला, “अरं, बाजूनं पायवाट हाय की!”

हा मधेच लटकून म्हणाला, “मामा, दुश्मन पायवाटंवरच बसलेला असतो.”

“आमच्या गावात कुठला रं दुश्मन?”

“मग मी आलोच की चालत. तुमी चहा ठेवा.”

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना तो सकाळी खदानीवर शिकवायचा. पोरी घाबरायच्या. तो म्हणायचा, “उजवा हात दोरीवरचा सोडायचा न्हाय. डावा मोकळाच हाय, त्यानं नाक खाजवा.” एका पोरीनं खरंच मधे थांबून नाक खाजवलं. तिला त्यानं सगळ्यांसमोर सलाम ठोकला.

दोरीवर पाय पडला तर दोरीच्या पाया पडायचं, असा त्याचा नियम. एकदा माझा पाय पडला. मी म्हटलं, “ह्या वयात मी कासऱ्याच्या पाया पडू व्हय रं?”

“पडा काकू. मी तिकडं बघतो.”

तो खरंच पाठ करून उभा राहिला. मी पडले नाही. तो वळला आणि म्हणाला, “झालं का?” मी म्हटलं, “झालं.” तेव्हाच त्याला माझं खोटं कळलं असेल.

उतरायच्या आधी तो डोळे मिटायचा आणि सगळी दोरी मुठीतून सरकवायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऐंशी हात दोरी. बायका हसायच्या, म्हणायच्या, उस्ताद जप करायला बसला. दोरीला वरून साल असतं आणि आत गाभा. साल चांगलं दिसतं, पण गाभा आतून तुटलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. आणि सरकवून झालं की विचारायचा, “हिला कुणाचा हात लागला?” रोज. पोरं कंटाळायची.

एकदा मी विचारलं, बाबा, हे काय वेड आहे? तेव्हा त्यानं सांगितलं. वर बर्फात एका जवानाचा खिळ्यांचा बूट दोरीवर पडला होता. शिक्षेच्या भीतीनं तो बोलला नाही. त्या दोरीवरून दुसरा उतरला. “शिक्षा मीच ठेवली व्हती, काकू. पाठीवर दगड घेऊन पळायची. त्या दिवसापासून सांगणाऱ्याला शिक्षा न्हाय.” त्याचा चहा गार झाला, तो मी परत तापवून दिला.

सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरं होतं. एका पोरानं येऊन सांगितलं, उस्ताद, माझ्या बहिणीनं दोरीवर गोधडी वाळत घातली. यानं त्याला शाबास म्हटलं, दोरी उन्हात किती राहिली विचारलं, आणि सोडून दिलं.

ती दोरी माझ्या घरी असायची. त्याच्या घरावर पत्रे, आत भट्टी. माझी मागची खोली माळवदाची, उन्हाळ्यातही गार. तिथं खुंटीला दोरी टांगायचा. मी म्हटलं, गावात दुसऱ्या गार खोल्या नाहीत का? तो म्हणाला, “हायेत. पण तुमी तोंडावर बोलता. काय झालं तर तुमी सांगाल.”

फाल्गुनात आमचा ऊस निघाला. पाणी दिलेल्या रानात ट्रॅक्टरची चाकं रुतली. साखळी तुटली. मुलगा म्हणाला, आई, उस्तादची दोरी आण. मीच खुंटीवरून काढून आणली. सगळी घेतली नाही, अर्धी घेतली, दुहेरी करून पीळ घातला. ट्रॉलीच्या लोखंडी पट्टीवरून ती करकरत गेली. ट्रॅक्टर निघाला. मी दोरी धुतली, सावलीत वाळवली, त्याच्यासारखी गुंडाळून खुंटीला लावली. साल कुठंही फाटलेलं नव्हतं. मला वाटलं, फौजेची दोरी, हिला काय होतंय! त्याला सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठ दिवस गेले. त्या आठवड्यात पोरांच्या परीक्षा, म्हणून खदानीवर कुणी गेलं नाही. दोरी तशीच राहिली.

मग सून मोटार हवा का ओढते ते बघायला विहिरीवर गेली, आणि तिच्या पायाखालची कड सुटली.

मी “कुणाचाच न्हाय” म्हटल्यावर त्यानं डोळे मिटले. सून खालून ओरडत होती, माझा मुलगा ओरडत होता, “उस्ताद, लवकर!” तरी त्यानं दोरी मुठीतून सरकवली. नेहमीपेक्षा भराभर सरकवली, पण सरकवली. मधोमध आल्यावर हात थांबला. आणखी थोडी सरकवली, परत थांबला. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. पोरगं चुकलं की बघतो तसं.

खिशातून चाकू काढला आणि दोरी मधोमध कापली. अर्धी बाजूला फेकून दिली.

माणसं किंचाळली. मुलानं फेकलेली अर्धी उचलली आणि म्हणाला, “जोडा की हिला, पुरायची न्हाय!”

“ती न्हाय,” तो म्हणाला. “तिला कुणी हात लावू नका.”

एवढंच बोलला. का, ते सांगितलं नाही. मी तिथंच उभी होते. माझंही तोंड उघडलं नाही.

कडेला सगळा मुरूम, बांधायला काही नाही. लिंबाचं झाड पंधरा-वीस हात लांब, त्याला दोरी बांधली. मधल्या अंतरातच दोरी किती गेली. खालच्या टोकाला वेढा ठेवून फासाची नाही, न आवळणारी बसती गाठ मारली, माणसाच्या काखेत बसेल एवढी. आणि पाठ करून उतरला, खदानीवर उतरायचा तसाच. दोरी पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर संपली. तिथून तो दोरी सोडून पाइपावरून खाली गेला.

खालचं मला सुनेनं सांगितलं. तो पाण्यात उतरला, एका हातानं पाइप धरला, पाय विहिरीच्या दगडात रोवले आणि म्हणाला, “पोरी, माझ्या खांद्यावर उभी राहा. गाठ काखेत घाल.”

मला काकू म्हणत असला तरी वयानं तो तिला सासऱ्याच्या जागी होता. त्याच्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. तिनं पाय वर घेतलाच नाही. “मामंजी, पाय कसा लावू तुमाला?” म्हणाली. मरायच्या दारात हे सुचतं माणसाला.

“दे पाय. वर जाऊन पाया पड.”

तिनं चांगला पाय त्याच्या खांद्यावर दिला. तो बुडाला, परत वर आला, परत खांदा दिला. तिसऱ्या वेळी तिचा हात गाठीला पोचला, तिनं ती काखेत घातली. त्यानं खालून ओरडून सांगितलं, “ओढा! सावकाश!” सहा माणसांनी ओढलं. सून वर आली. तिला काखेतून सोडवायला गाठ सुटेना, ओली दोरी अंगात रुतलेली. आम्ही सोडवत होतो, तेवढ्यात खालून आवाज आला. पाइपाच्या बाजूची सगळी दरड पाइपासकट खाली बसली.

विहीर उपसायला पुढचा सगळा दिवस लागला.

मग गावात बोलणं सुरू झालं. उस्ताद गडबडला. आयुष्यभर दोरी शिकवली आणि ऐन वेळी चांगली दोरी कापून टाकली. पुरी असती तर तोही सुनेमागं वर आला असता. पारावर बोलत होते, दुकानात बोलत होते. ज्यांना त्यानं शिकवलं ती पोरंही मान खाली घालून ऐकत होती. मी तेराव्यापर्यंत ऐकलं.

चौदाव्या दिवशी त्याच्या बायकोकडं गेले. फेकलेली अर्धी दोरी घेऊन गेले. तिच्यासमोर साल चिरून दाखवलं. आतला गाभा दोन जागी तुटून कापसासारखा झाला होता. मी सांगितलं, हे मी केलं, आणि त्यानं विचारल्यावर खोटं बोलले. त्याला कळलं, तरी त्यानं चारचौघांत माझं नाव घेतलं नाही.

तिनं गाभ्याला बोट लावून बघितलं.

“मला ठावं व्हतं, त्यो उगं कापायचा न्हाय,” म्हणाली.

मी म्हटलं, मला काय बोलायचं ते बोल.

“त्येनं काय शिक्षा दिली असती तुमाला, काकू?”

मी म्हटलं, काहीच नसती दिली.

तिनं मला चहा विचारला नाही. बरं केलं.

पारावर जाऊन मी हेच सगळ्यांना सांगितलं. काहींनी ऐकलं, काही म्हणाले, म्हातारी भ्रमली, मेलेल्याची बाजू घेते. म्हणून चौथी शिकलेल्या हातानं हे लिहून ठेवते. तुमच्यापैकी जे त्या दिवशी काठावर होते, त्यांनी त्याला दोरी कापताना बघितलं आहे. का कापली, ते त्यांनी बघितलेलं नाही. ते मला एकटीला माहीत होतं. तो गडबडला नव्हता.

विहिरीत दोघं होती. माझी सून जगली.