विलायती इंजिनाचं देशी झाकण

जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाच्या अंगावरची रुई आंघोळीनं जाते. कानातली जात नाही. किस्सेही तसेच कानात राहतात. जुन्यातले दोघं-तिघं चहाला बसलो की एक बाहेर पडतो, त्याच्यामागे दुसरा. मी लेखक नाही, चौथी शिकलो. पण बोरी अरबच्या जिनात इंजिन मी चालवलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तेव्हा सांगायचा हक्क माझा.

इंजिन विलायती. सरकी काढायचे रेचे विलायती. पट्टेसुद्धा विलायती. कापूस आपला आणि घाम आपला. इंजिनाला सगळे 'गोरा साहेब' म्हणत. सकाळी मी ते चालू केलं की रेच्यावरच्या बाया ओरडत, "उठला व माय साहेब!"

*

छप्पन साली आमचा भाग मुंबई राज्यात गेला. मॅनेजर गोविंदराव यवतमाळचे, वडील कचेरीत होते. भाषणाची हौस. जिनाच्या आवारात खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "आता राज्य आपलं, भाषा आपली, कारभार आपला!"

समोर भोजू नाईक बसला होता. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. आमच्याकडे गाड्यांनी कापूस आणायचा. त्या दिवशी माझ्या हातात इंजिनाचा एक बोल्ट होता. सकाळपासून बाजारातला प्रत्येक नट लावून पाहिला होता. एकही आट्यात बसेना.

भोजूनं माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे.

"राज्य आपलं झालं हे बेस झालं जी. पण नट कोणाचा?"

*

रेच्याच्या रोलरवर कातडं असे. तेही विलायतेहून येई. कोणी म्हणे समुद्रातल्या जनावराचं, कोणी म्हणे डुकराचं. रहीम फिटर आणि माळ घातलेला सदाशिव, दोघांनीही रोलरला हात लावणं सोडलं. दोन रेचे उभे!

गोविंदराव समजूत घालायला आले. "अरे, म्हशीचं आहे ते. आपल्याकडूनच कच्चं कातडं तिकडे जातं, तिथे कमावतात, मग इकडे येतं."

रेच्यावरच्या बायांची मुकादम चिंधाबाई. तिनं कपाळावर हात मारला.

"घ्या! जाताना बोरीची म्हैस होती, येताना मेमसाहेब झाली!"

दोघंही कामाला लागले. पण दारव्ह्याचा एक व्यापारी आमच्याच बाजारात कातडी गोळा करायचा. त्याला बाया पुढं नेहमी विचारत, "भाऊ, मेमसाहेब कधी पाठवता?"

*

चीनच्या लढाईत गाड्यांचे सुटे भाग मिळेनात. जिनाचे मालक शेठजी, त्यांचा ट्रकही विलायती. त्याचा एक भाग गेला आणि तो लिंबाखाली उभा राहिला. खाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. कापूस खेड्यापाड्यांत पडून. शेवटी शेठजी स्वतः तांड्यावर गेले. मी सोबत होतो.

ट्रक घेतला तेव्हा याच शेठजींनी भोजूच्या गाड्या बंद केल्या होत्या. भोजूनं खाट टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"शेठजी, माहा आजा हजार बैलांवर मीठ वाहे. विलायतेची आगगाडी आली अन् आमचे बैल बसले. मंग तुमचा ट्रक आला अन् उरलेलेबी बसले. आता ट्रक बसला तं मले उठवून राह्यले?"

भोजू उठला, गाड्या जुंपायला सांगितल्या. जाता जाता म्हणाला, "एक फायदा हाय पाहा. माह्या बैलाचा पार्ट बंदरातून येत नाही. गायीच्या पोटातून येते!"

*

मग रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. आमचा मुलूख ज्वारीचा, आणि खायची अमेरिकेची. भाकरी थापली की तडकायची. दुपारच्या सुट्टीत गोविंदराव म्हणाले, "नावं ठेवू नका. ते देताहेत म्हणून खातो आहोत."

चिंधाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "इंजन साहेबाचं, ज्वारीबी साहेबाची. उद्या साहेब रुसला तं?"

*

साहेब रुसला तो पाकिस्तानच्या लढाईनंतरच्या दसऱ्याला. आणि रुसवला आम्हीच.

दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची. हळद, कुंकू, झेंडूचा हार. नारळ मी दरवर्षी खालच्या दगडी चौथऱ्यावर फोडायचो. त्या वर्षी शेठजी म्हणाले, "देव वर आहे की खाली? इंजिनावरच फोडा." मी नाही म्हणालो. मग त्यांनीच नारळ घेतला आणि तेलपंपाच्या पितळी झाकणावर हाणला.

नारळ फुटला नाही. बोल्ट जातो तो झाकणाचा कान तुटला.

बायांनी घाईनं फुटाण्यांचा प्रसाद वाटून घेतला. कान झाळून पाहिला, तो पुन्हा निघाला, तेल गळतच राहिलं. तेलाशिवाय इंजिन फिरवलं तर ते जळणार. गोविंदराव मुंबईला जाऊन आले. "बाहेरचा माल बंद आहे. कधी सुरू होईल, सांगता येत नाही." दिवाळीनंतर हंगाम. शेठजींनी मला बोलावलं. "यंदा जिन बंद. बायांना दुसरीकडे काम पाहायला सांग."

मी सांगितलं नाही. तुटका कान मेणानं चिकटवला, झाकण फडक्यात बांधलं आणि घाटंजीला बापू ओतारी होता, त्याच्याकडे गेलो. बैलांच्या घंटा ओतायचा. त्यानं झाकण उलटंसुलटं पाहिलं.

"घंटेहून सोपं हाय. हे वाजवावं लागत नाही."

मातीचा साचा केला, पितळ ओतलं, कानशीनं बूड सपाट केलं. नवं झाकण मी बसवलं. इंजिन चाललं. तेलाचा थेंब गळला नाही.

गोविंदरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि खाली बसले. जुन्या झाकणावरची उठावाची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी नव्यावर उतरली होती. 'मेड इन इंग्लंड'!

पुढं बापू भेटला तेव्हा मी विचारलं, अक्षरं का घासली नाहीस?

"अक्षरं व्हती काय? मले वाटलं नक्षी हाय. चांगली नक्षी काहून मोडू?"

*

हंगाम भरात होता. आवारात कापसाचे ढीग आणि बाहेर रस्त्यापर्यंत गाड्या. कोणीतरी कागाळी केली. एक सरकारी साहेब चपराशाला घेऊन आले. नवंकोरं झाकण पाहिलं, अक्षरं वाचली.

"माल बंद असताना हा आला कुठून? परवाना दाखवा."

मी म्हटलं, घाटंजीहून आला.

"घाटंजीत इंग्लंड आहे काय?" साहेबांनी इंजिनाला सील ठोकलं. माझ्यावर चोरून आणलेल्या मालाचा खटला भरतो म्हणाले. जुनं झाकण दाखवावं तर ते बापूनं ओतकामात वितळवलेलं. शेठजी घाम पुसत राहिले. बाया रेच्यांवरून उतरून दारात उभ्या राहिल्या.

भोजूनं गाडी रिकामी केली, बैलांना घाटंजीकडे पळवलं आणि तिसऱ्या दिवशी, साहेब खटल्याचे कागद करायला आले तेव्हा, बापूला भट्टीसकट घेऊन आला.

बापूनं साहेबांना रामराम केला. "साहेब, तुमच्यापाशी पितळेचं काई हाय काय?"

साहेबांपाशी काही नव्हतं. चपराशाच्या छातीवर पितळी बिल्ला होता. त्यावर सरकारची मुद्रा. बापूनं तो मागितला, साहेबांनी मान डोलावली. चपराशानं छातीवर हात धरला.

"नोकरी जाईन बाप्पा!"

"देऊन टाक," साहेब म्हणाले.

आवारातच भट्टी पेटली. साहेब खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. बापूनं साचा केला, पितळ ओतलं, निवू दिलं, कानस मारली. मग चिंच आणि राख घेऊन जुना आणि नवा दोन्ही बिल्ले घासले. साहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

साहेबांनी एक उचलला. ठेवला. दुसरा उचलला. मग म्हणाले, "सील काढा."

बाया धावत रेच्यांवर गेल्या. मी इंजिन चालू केलं. साहेब जीपकडे निघाले. चपराशी मात्र टेबलापासून हलेना. एकदा इकडे पाही, एकदा तिकडे.

"चल रे!" साहेब ओरडले.

"येतो साहेब," तो म्हणाला. "पण यातला माहा कोणता?"