पत्र्याच्या खोलीतला रेडिओ

करडी गावच्या खुशालची मान डावीकडे कललेली आहे. त्याच्या रेडिओचा स्पीकर फाटून नऊ वर्षं झाली. कानाला लावल्याशिवाय तो ऐकू येत नाही. खुशाल धान कापतानाही रेडिओ खांद्यावर बांधून कानाशी ठेवतो. बाजारभाव, हवामान, भजनं, सगळं त्याने एकाच कानाने ऐकलं आहे.

माकडं घराच्या छपरावरची कवेलू फोडतात. मुलगी रक्षा बाळंतपणाला माहेरी येणार होती. बाळाच्या अंगावर कवेलू पडू नये म्हणून खुशालने घराला लागून नवी खोली बांधली. वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा. माकडं आता वरून नुसती धावतात.

बाळ सहा दिवसांचं झालं तेव्हा अड्याळहून रक्षाच्या जावेचा, शालूचा, फोन आला. मागच्या धानरोवणीत नागपूर आकाशवाणीच्या लोकांनी शेतातल्या बांधीत येऊन दोघींची गाणी टेप केली होती. ती आज साडेसहाला लागणार होती. रक्षाने स्वतःचा आवाज रेडिओवर कधी ऐकला नव्हता. खुशालनेही तो तिथे ऐकला नव्हता, आणि तेच त्याला ऐकायचं होतं.

खुशालने रेडिओ खोलीत नेला. रेडिओ गप्प झाला, नुसती खरखर उरली. अंगणात आणला, बोलू लागला. मोबाईलचंही तसंच. बाळंतिणीने बारशापर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, हा तिच्या आईचा, गोदावरीबाईचा, नियम.

खुशालने रेडिओला तार जोडली आणि दुसरं टोक पत्र्याला बांधलं. एवढं लोखंड असल्यावर आवाज पकडलाच पाहिजे, असा त्याचा हिशोब होता. उरलेली खरखरही गेली.

पत्रे ठोकणारा ईश्वर शेजारीच राहतो. तो दारातून म्हणाला, "लोखंड लहर अडवते, भाऊ. तू पोरीले डब्यात बंद केलं."

"मंग ठोकताना काहून नाही सांगितलं?"

"तू माकडाचं विचारलं. रेडिओचं कुठं विचारलं?"

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. खुशालने भिंतीच्या पत्र्याला पाना लावला.

"अजी, भिंतीचा नका काढू," गोदावरीबाई म्हणाली. "लोकं पाहतीन तिले."

तो शिडी लावून वर चढला. बाजेच्या बरोबर वरचे तीन पत्रे त्याने काढले. ईश्वरने ते खाली घेतले. गोदावरीबाईने बाळाला लुगड्याने झाकून कोपऱ्यात सरकवलं. रक्षा बाजेवर उभी राहिली आणि रेडिओ मोकळ्या जागेत धरून तिने कान लावला.

"येऊन राहिलं का?" खुशालने वरून विचारलं.

तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

तो हातभर अंतरावर बसून होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं. रक्षाचे ओठ हलत होते, तेवढं दिसत होतं. एकदा त्याने मान कलवून पुढे नेली. मग मागे घेतली. रेडिओला एकच कान लागत होता.

चार मिनिटांनी तिने रेडिओ खाली घेतला.

"संपलं."

"कसं होतं?"

"मी बरोबर म्हटलं, बाबा. शालूताई मधातच घसरली."

"मंग मले म्हणून दाखव."

"बाळ झोपून राहिलं."

खुशालने ईश्वरकडून पत्रे वर घेतले. पान्याचा आवाज होऊ नये म्हणून नट हातानेच आवळले.