अजिनाथनं वाद सोडला

बावीस वर्षं हा माणूस माझ्याशी भांडला. मी पुंजाराम, गारखेड्यात माझं शिवणकामाचं दुकान. अजिनाथ शेंद्र्याला एका कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर. ड्यूटी सुटली की माझ्या बाकड्यावर हजर. चहा माझा प्यायचा अन् अक्कलही मलाच शिकवायचा.

"लताबाईसारखा गळा व्हणे नाय. कितीबी वरच्या सुरात जाऊ दे, आवाज हलत नाय. पांढरी साडी, माइकपुढं चपला काढून उभं राहायचं. देवघरच रे ते!"

"बस तू देवघरात. आशाबाई ऐक की! केसात फूल, तोंडावर हसू, अन् आवाज लाडात येतो, रुसतो, चावटपणा करतो. आपल्यातला वाटतो."

तो तणतणत निघून जायचा. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसायचा.

गेल्या सोमवारी मोबाइलवर लताबाईचं गाणं लावलं होतं. अजिनाथ म्हणाला, "पुंजा, तुझंच खरं. लताबाई आता लांबून गायल्यावानी वाटती. आशाबाईचं खालच्या सुरातलं कसं भरून येतं."

मी लई खूश! शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, चहा मागवला. तेवढ्यात अजिनाथच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला, बारीक शिट्टीची रिंग. वाजतच राहिला. हा आपला बशीत चहा फुंकतोय.

मी हातातला कप खाली ठेवला.

"कंपनीत कानात बोळे घालतो का रे?" मी मोठ्यानं विचारलं.

"बोळे घातल्यावर मशीन बिघडली हे कळायचं कसं? आवाजावरच तर कळतं."

मला चैन पडेना. ह्या माणसाला गाण्याबिगर दुसरा नाद नाय. त्याची बायको सत्यशीला म्हणायची, "माझी सवत रेडिओत बसलीय." तेच गेलं तर हा जगायचा कशावर?

बुधवारी बळंच उस्मानपुऱ्यात कानाच्या डॉक्टरकडं नेला. त्याला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. बाहेर बसलेल्या बाई बटण दाबत होत्या. सुरुवातीला दोन-तीनदा बोट वर गेलं, मग थांबलं. बाई दाबत राहिल्या, कागदावर खुणा करत राहिल्या. मी काचेला नाक लावून मनात म्हणत होतो, उचल रे बाबा, खोटं का व्हईना पण उचल.

शेवटी तो दार ढकलून बाहेर आला, वैतागलेला.

"काय रे पुंजा, कवाचा बसवून ठेवलाय मला. बाकीच्या शिट्ट्या सुरू कधी करणार हे?"